जिवंत ज्वालामुखीवर चढायचंय? आधी तिकीट काढू नका

"बालीचं तिकीट झालं, हॉटेलही झालं. आता बातूरचा ज्वालामुखी करू की इजेनचा?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मला येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. क्रम उलटा झालेला असतो, आणि पुढची प्रत्येक चूक त्यातून निघते. पैसे अडकले की माणूस डोंगराची स्थिती बघून ठरवत नाही, तिकिटाची तारीख बघून ठरवतो.

राजहंसगड, महिपाळगड, चोर्ल्याचं रान पालथं घातलेल्यांना वाटतं की डोंगर म्हणजे डोंगर. पण सह्याद्रीत अपघात झाला तर पाय घसरलेला असतो, वाट चुकलेली असते किंवा पाण्याचा अंदाज हुकलेला असतो. जिवंत ज्वालामुखीवर तुमच्या हातून काहीही न चुकता डोंगर फुटू शकतो. म्हणून महत्त्वाचे निर्णय घरी बसून घ्यायचे. खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. मधला एखादा गाळून पुढं जाऊ नका.

## टप्पा १: आधी डोंगर ठरवा

भारतात जिवंत म्हणून नोंद असलेला ज्वालामुखी एकच आहे, अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) ते साधारण १४० किलोमीटरवर आहे. शंभराहून जास्त वर्षं शांत राहून १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं. तिथं उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं. चढायचं असेल तर देशाबाहेर जावं लागतं, आणि आपल्याकडच्या लोकांना खर्चाला परवडणारा पर्याय बहुधा इंडोनेशिया असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बालीतला बातूर, उंची १,७१७ मीटर. चढ दोन तासांचा, पायथ्याशी गाव, आणि शेवटचा उद्रेक २००० सालचा. पूर्व जावातला इजेन ही दुसरी पायरी. तिथली वाट सोपी आहे, पण विवरात तीव्र आम्लाचं तळं आहे आणि गंधकाचा वायू सतत निघत असतो, म्हणून त्याची तयारी वेगळी लागते. लोंबोकचा रिंजानी ३,७२६ मीटर आहे. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि उंचीचा त्रासही होऊ शकतो. पहिल्याच खेपेला रिंजानी धरणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो.

अपेक्षाही आताच तपासून घ्या. यातल्या एकाही ठिकाणी लाल लाव्हा वाहताना दिसेलच असं नाही. इजेनची प्रसिद्ध निळी ज्वाला हा जळणारा गंधकवायू आहे, तो लाव्हा नव्हे. व्हिडिओ बघून गेलेली माणसं लाव्हा दिसला नाही म्हणून आणखी खाली, आणखी जवळ जायला बघतात, आणि धोका नेमका तिथं असतो.

तपासा: घरातल्या कुणाला दमा, हृदयविकार किंवा श्वासाचा जुना त्रास असेल तर इजेन यादीतून काढा. सल्फर डायऑक्साइड या गंधकवायूनं दम्याचा झटका काही मिनिटांत येऊ शकतो. "आई-बाबा मास्क लावतील" हे उत्तर पुरेसं नाही.

## टप्पा २: तो डोंगर कसा फुटतो हे समजून घ्या

हा टप्पा सगळे गाळतात. पण कुठं उभं राहायचं आणि कुठून काढता पाय घ्यायचा, ते यावरूनच कळतं.

आपल्या पायाखालचा काळा पाषाणही लाव्हाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले, आणि त्यांची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगाव भागात येते. राजहंसगड म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. तो पातळ होता, म्हणून लांबवर पसरला. त्यात सिलिका (लाव्हा घट्ट करणारा घटक) कमी, साधारण ५० टक्के, आणि तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या वर.

इंडोनेशियातली गोष्ट निराळी आहे. तिथं समुद्राचा तळ वर्षाला काही सेंटिमीटर या गतीनं बेटांखाली सरकतो. साधारण शंभर किलोमीटर खोल गेल्यावर त्या खडकांतलं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्यामुळं वरचा तापलेला खडक कमी तापमानाला वितळू लागतो. हा शिलारस वर येता येता सिलिकानं घट्ट होतो, आणि पाण्याची वाफ व इतर वायू त्यात कोंडलेले असतात.

चुलीवर पाणी उकळतं तेव्हा बुडबुडे सहज फुटतात. पिठलं घट्ट झालं की फदफदतं आणि हातावर शिंतोडे उडतात. दोन्हींत वाफ तीच असते, पिठल्यात तिला वाट मिळत नाही. घट्ट शिलारसात हेच होतं, फक्त शिंतोड्यांच्या जागी तापलेले दगड आणि राख असते.

आणखी एक प्रकार आहे, आणि हायकरांचा जीव त्यातच जास्त जातो. शिलारस वर येतच नाही. खडकांत मुरलेलं पाणी खालच्या उष्णतेनं तापतं, एका क्षणी त्याची वाफ होते आणि वरचा खडक उडतो. ओल्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं तर काय होतं, हे बेळगावच्या उद्यमबाग कारखाना-वस्तीतल्या कुठल्याही फौंड्री कामगाराला विचारा. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. अशा वाफेच्या उद्रेकाआधी दिवसेंदिवस भूकंप होतीलच असं नाही. जपानच्या ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ ला असंच झालं. शनिवार होता, सकाळचे ११ वाजून ५२ मिनिटं झाली होती आणि माथ्यावर माणसं जेवायला बसली होती. ५८ मृतदेह सापडले, ५ जण सापडलेच नाहीत. त्या दिवशी सतर्कता पातळी सर्वांत खालची होती.

तपासा: निवडलेल्या डोंगराबद्दल तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा. शेवटचा उद्रेक केव्हा झाला? तो लाव्हाचा होता, राखेचा की वाफेचा? विवरात पाणी आहे का? तळं किंवा सतत वाफ असेल तर वाफेचा उद्रेक शक्य आहे असंच धरून चाला.

## टप्पा ३: सतर्कता पातळी वाचायला शिका

इंडोनेशियात चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ज्वालामुखीची पातळी आणि विवरापासून किती अंतर राखायचं ते दिलेलं असतं. भाषेची अडचण आली तर मोबाईलवर भाषांतर करून घ्या. इटलीत हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा रंगांनी पातळी सांगतात. जपानमध्ये १ ते ५ आहे, न्यूझीलंडमध्ये ० ते ५. एका देशाची दुसरी पातळी दुसऱ्या देशाच्या दुसऱ्या पातळीबरोबर ताडून बघू नका.

लोक फक्त आकडा वाचतात, त्याखालची सूचना वाचत नाहीत. सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ ला फुटला आणि वीसहून जास्त गिर्यारोहक गेले. डोंगर तेव्हा दुसऱ्या पातळीवर होता आणि विवरापासून ३ किलोमीटर दूर राहण्याची शिफारस आधीपासून होती. तरीही चढाई चालू होती. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला उद्रेक झाला तेव्हा ४७ जण बेटावर होते, त्यांतले २२ वारले. तिथंही पातळी दोन होती आणि सहली सुरू होत्या.

कुणी तिकीट विकतंय म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही. माझा नियम साधा आहे. माथा किंवा काठ प्रतिबंधित अंतराच्या आत येत असेल तर चढायचं नाही, मग गेट उघडं असो वा बंद.

महिनाभर रोज दोन मिनिटं ती पातळी बघत राहा. एका दिवसाच्या आकड्यातून फारसं कळत नाही, पण महिन्याभरात डोंगराची चाल कळते.

इशारा: जिथं जायचं त्याच्या नावाचं स्पेलिंग नीट तपासा. सुमात्राचा मारापी आणि जावाचा मेरापी हे दोन वेगळे डोंगर आहेत, आणि दोन्ही जिवंत आहेत.

## टप्पा ४: हंगाम आणि शरीर

तिकडं साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो. आपली मे महिन्याची सुट्टी जमते. आपला पावसाळा म्हणजे तिथला कोरडा हंगाम. दिवाळीची सुट्टी मात्र त्यांच्या पावसाच्या तोंडावर येते, आणि पुष्कळ जण तेव्हाच निघतात. पावसात ज्वालामुखी दुप्पट धोक्याचा होतो. राखेत पाणी मिसळलं की ओल्या सिमेंटसारखा लोंढा ओढ्यांतून खाली येतो, त्याला लाहार म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये जावातला सेमेरू फुटला आणि ५० हून जास्त माणसं गेली, तेव्हाही जोरदार पावसानं माथ्यावरचा लाव्हाचा घुमट ढासळला होता.

तयारीला आठ आठवडे द्या. राजहंसगडावर गाडीनं जाऊ नका, येळ्ळुरातून पायी जा. पहिल्या आठवड्यात एकदा चढ-उतार, चौथ्यात एकाच सकाळी दोनदा, सहाव्यात पाठीवर सहा-सात किलो घेऊन तीनदा. एक फेरी पहाटे साडेतीनला, हेडलॅम्पच्या उजेडात. झोपमोड, थंडी, रिकामं पोट आणि अंधार यांची सवय इथंच होऊ दे, कारण बातूर आणि इजेन दोन्हीकडं मध्यरात्रीनंतर निघावं लागतं.

दुसरा सराव मुरुमाच्या उतारावर करा. ज्वालामुखीची वरची वाट सुट्या, सच्छिद्र दगडांची असते. दोन पावलं चढावं आणि एक मागं यावं, अशी. शेताच्या कडेला कुठं मुरुमाचा चढ असेल तर त्यावर वीस-पंचवीस फेऱ्या मारा. चढताना छोटी पावलं टाका, पायाची कड रोवा. उतरताना टाच आधी टेकवा, गुडघे थोडे वाकलेले ठेवा आणि मागं रेलू नका. बंद पडलेल्या खाणीत मात्र सरावाला जाऊ नका, तिथला ढीग कधीही ढासळतो.

## टप्पा ५: सामान, आणि त्यात मास्क

बूट घोट्याच्या वर येणारे आणि आधी वापरून मऊ झालेले हवेत. जाड हातमोजे घ्या. लाव्हाचा दगड काचेसारखा कापतो, एकदा हात टेकला तर तळवा फाटतो. याशिवाय पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याचं जॅकेट, दोन हेडलॅम्प, दोन लिटर पाणी, हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारा गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, राखेचा कण तिच्याखाली गेला तर बुबुळावर ओरखडा उठतो.

आता मास्क. सर्वांत जास्त गैरसमज इथं आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

कापडी मास्क किंवा ओला रुमाल वायू अडवत नाही. एन-९५ राख अडवतो, पण वायू त्यातून आरपार जातो. वायूसाठी रबरी अर्धा मास्क आणि त्याला जोडायचे, आम्लवायू गाळणारे डबे लागतात. युरोपीय पद्धतीच्या डब्यावर पिवळा पट्टा आणि 'ई' अक्षर असेल तर तो सल्फर डायऑक्साइडसाठी, करडा पट्टा आणि 'बी' असेल तर हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंसाठी. दोन्ही असलेला जोडडबा घ्या. उद्यमबागेत फौंड्र्यांना सुरक्षा-सामान पुरवणारी दुकानं आहेत, तिथं विचारा. हेल्मेटही तिथंच बघा.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या खेपेला मी इजेनच्या पायथ्याशी भाड्यानं मिळालेल्या मास्कवर विसंबलो. अंधारात तो तोंडावर चढवला आणि निघालो. काठाच्या खाली वारा फिरला आणि पांढरट धूर आमच्यावर आला. जळालेल्या काडेपेटीचा वास थेट घशात उतरला. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. मागं फिरून बऱ्याच खाली आल्यावर हेडलॅम्पच्या उजेडात मास्क उलटा करून पाहिला. डब्यावरची मुदत उलटून गेली होती, आणि एका बाजूच्या झडपेचं रबर वाकून तिथं बोटभर फट राहिली होती. माझ्याबरोबरच्या खानापूरच्या मित्राचा मास्क नवा होता, पण त्याची दाढी वाढलेली. त्यालाही तितकाच त्रास झाला, कारण केसांमुळं रबर गालाला चिकटतच नाही.

तपासा: मास्क लावा, दोन्ही डब्यांवर तळहात दाबून धरा आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. कडेनं हवा आली तर पट्टे आवळा, तरीही आली तर मास्क बदला. दाढी करूनच जा. डब्याचं पाकीट डोंगरावर जाण्याच्या दिवशीच फोडा, उघडा डबा हवेनं निकामी होत जातो.

इशारा: कार्बन डायऑक्साइडवर कुठलाच डबा चालत नाही. तो हवेपेक्षा जड आहे, वास नाही, रंग नाही, आणि खळग्यांत साचतो. जावाच्या दिएंग पठारावर १९७९ मध्ये या वायूनं १४० हून जास्त गावकरी गेले. खळग्यात मेलेले पक्षी किंवा किडे दिसले तर तिथं वाकू नका, बसू नका, लगेच चढावर या. कुजक्या अंड्यांचा वास येता येता अचानक थांबला, तर वायू गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं.

## टप्पा ६: आता तिकीट, आणि विमा

परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. राखेमुळं विमानतळ बंद होतात. फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी नोव्हेंबर २०२४ मध्ये उसळला आणि शेकडो किलोमीटर दूरच्या बालीची विमानं रद्द झाली. म्हणजे तुमचा डोंगर शांत असला तरी दुसऱ्याच्या राखेनं तुम्ही अडकू शकता. बेंगळूर किंवा मुंबईहून पुढं बेळगावला येण्याचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तेही बुडतं.

विम्याच्या कागदात तीन ओळी शोधा: किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे, प्रतिबंधित क्षेत्रात गेल्यास काय, आणि विमा घेण्याआधीच सुरू झालेल्या उद्रेकाचं काय. विमा विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

## टप्पा ७: आदला दिवस

गाईड स्थानिकच घ्या आणि त्याला दुपारी, उजेडात भेटा. त्याला विचारा: आज वारा कुठून आहे? गेल्या आठवड्यात काही बदल दिसला का? परत फिरायचं झालं तर दुसरी वाट कुठली? या प्रश्नांवर जो फक्त "नो प्रॉब्लेम" म्हणतो, त्याच्याबरोबर मी जात नाही.

गटात आधीच ठरवून टाका की एकानं "परत" म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही. हॉटेलवर आणि बेळगावातल्या घरी डोंगराचं नाव, निघण्याची वेळ आणि खाली पोचण्याची वेळ लिहून पाठवा. रात्री झोपण्याआधी आणि निघताना पातळी पुन्हा बघा.

## टप्पा ८: चढाई

काठीच्या टोकाला हलकी रिबीन बांधा. अंधारात धूर दिसत नाही, पण हेडलॅम्पमध्ये रिबीन दिसते आणि वारा फिरल्याचं लगेच कळतं. वारा पाठीकडून येऊन विवराकडं जात असेल तर ठीक. विवराकडून तोंडावर आला तर मास्क चढवा आणि बाजूला सरका.

ओढ्याच्या पात्रात विसावा घेऊ नका, लाहार आणि जड वायू दोन्ही तिथूनच उतरतात. वाट सोडून वाफाळणाऱ्या जमिनीवर पाय देऊ नका, वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळता चिखल असू शकतो. गटातली माणसं एकाखाली एक अशा रेषेत चढवू नका, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

## टप्पा ९: काठावर

इथं वेळ मोजा. फोटो, चहा, पोहे, गप्पा यांत तास-दीड तास जातो, आणि तोच या साऱ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा वेळ असतो. मी घड्याळात वीस मिनिटं लावतो. खायचं असेल ते खाली उतरून. हेल्मेट डोक्यावरच ठेवा आणि विवराकडं पाठ करू नका. एप्रिल २०२४ मध्ये इजेनच्या काठावर फोटोसाठी मागं सरकताना एक पर्यटक महिला खाली पडून गेली. तेव्हा उद्रेक नव्हता, वायूही कारण नव्हता.

पुढच्यापैकी एकही दिसलं तर चर्चा न करता उतरायला लागा: नवा किंवा वाढता गडगडाट, पायाला जाणवणारी थरथर, तळ्याचा बदललेला रंग किंवा उसळी, एकदम दाट झालेली वाफ, कडेवरून आपोआप सुटणारे दगड.

तरीही डोंगर फुटला तर पहिले काही क्षण पळू नका, वर बघा. उडालेले दगड खाली यायला वेळ लागतो. येणारा दगड दिसला तर बाजूला सरकता येतं, पाठ करून पळणाऱ्याला तो दिसतच नाही. मग मोठ्या खडकाआड जा, पाठीवरची सॅक डोक्यावर घ्या, मास्क आणि गॉगल चढवा. दगड थांबले की लगेच उतरा, धारेवरून, ओढ्यातून नव्हे. मोबाईल काढू नका. ओंताकेवर अनेक जण दगडांच्या माऱ्यानं गेले.

उतारावरून जमिनीलगत लोळत येणारा तप्त राखेचा ढग मात्र ताशी शंभर किलोमीटरहून वेगानं येऊ शकतो. त्याच्यापुढं पळून सुटका नाही. त्याच्या वाटेत न असणं हाच उपाय, आणि तो तिसऱ्या टप्प्यात घरी बसून करायचा असतो.

## टप्पा १०: उतरल्यावर

डोळ्यांत राख गेली असेल तर चोळू नका. ते काचेचे बारीक तुकडे असतात. भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं किंवा धाप दुसऱ्या दिवशीही राहिली तर डॉक्टरकडं जा आणि कुठला वायू हुंगला ते सांगा.

बूट आणि सॅक आधी कोरडेच झटका, मग ब्रश फिरवा. राख ओली करून मोरीत धुतली तर ती नळीत घट्ट बसते. हॉटेलच्या न्हाणीघरात आम्ही हा उद्योग एकदा केला होता. कॅमेऱ्याची काच कापडानं पुसू नका, आधी फुंकणीनं राख उडवा. गंधकाचा वास लागलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणा आणि घरी आल्यावर इतर कपड्यांत न मिसळता दोनदा धुवा. वापरलेले मास्कचे डबे पुढच्या खेपेसाठी जपून ठेवू नका, तिथल्याच कचरापेटीत टाकून या.